थोरल्या फेरीचा नंबर

इमामबीनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही लेकीच्या सायकलीपायी.

लेक म्हणजे नाजिया. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत ती उगवण तपासायच्या खोलीत कामाला होती. ओल्या कागदावर कपाशीच्या, मक्याच्या बिया मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचे आणि कोंब किती आले ते बघायचं. तिच्या शेजारच्या टेबलावर राजूरची आकांक्षा बसायची. दोघींची गट्टी सायकलवरून जमली. रविवारी भल्या पहाटे दोघी राजूरच्या रस्त्याला लागत. पुढं राजूर जवळ वाटायला लागलं, तेव्हा केदारखेड्याच्या पुलापर्यंत जाऊन येत. जालन्यातल्या सायकलवाल्यांच्या गटात त्यांनी नाव घातलं, गटाच्या जांभळ्या जर्सी घेतल्या. दोघींचं माप एकच होतं, चेहऱ्याला स्कार्फ आणि डोळ्यांवर गॉगल चढवला की लांबून कोण कुठली ते सख्ख्या आईलाही सांगता आलं नसतं.

गल्लीत लोक बोलायचे. बिनबापाची पोर, आणि सायकल हाणत गावोगाव फिरते. इमामबी ऐकून घ्यायची आणि पहाटे उठून पोरीच्या डब्यात दोन चपात्या जास्त घालायची.

त्या हिवाळ्यात पोरींनी कोकणातलं आंबवेळ काढलं. तिथं समुद्र फुटक्या बांगडीसारखा जमिनीत शिरलाय आणि त्याच्या भोवतीनं सायकलची फेरी निघते. फेऱ्या दोन. धाकटी पाण्याच्या कडेकडेनं जाते, सपाट रस्ता, घाई नाही. थोरली पुढं डोंगराच्या सोंडेला वळसा घालते, घाट चढते, घाट उतरते आणि खाडीवरच्या पुलावरून परत येते. नाजियानं थोरलीला नाव दिलं. आकांक्षालाही थोरलीच करायची होती, पण तिची आई दुर्गाबाई अडून बसली. घाटात लेकीला सोडणार नाही म्हणाली. धाकटी करायची असली तर कर, नाहीतर घरी बस, आणि मी संगं येणार. आकांक्षानं मान डोलावली.

इमामबीचा थोरला, इजहार, एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करणारी स्वतःची जीप चालवायचा. त्यानं चार दिवस जीप काढली. दुर्गाबाई येतेय म्हटल्यावर इमामबीही निघाली. तोवर दोघींची ओळख नमस्कारापुरतीच होती. पण वाट लांबची, आणि मागच्या सीटवर दोघींना गप्पांशिवाय दुसरं काम नव्हतं. दुर्गाबाई माळकरी, म्हणून इमामबीनं डब्यात अंडंसुद्धा घेतलं नव्हतं. हे दुर्गाबाईला अर्ध्या वाटेत कळलं, तेव्हा तिनं आपली दशमी मोडून अर्धी इमामबीच्या हातावर ठेवली आणि त्यानंतर ती तिला 'अहो इमामबी' म्हणणं सोडून 'आपा' म्हणायला लागली. इमामबी तिला ताई म्हणायला लागली.

आंबवेळला पोचले तेव्हा ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडलेल्या. हाच का तुमचा समुद्र, असं दुर्गाबाई पोरींना विचारत होती. संध्याकाळी लॉजच्या खोलीत पोरींना आपापले नंबर मिळाले, जर्सीच्या पाठीवर लावायचे. धाकटीचे पिवळे, थोरलीचे निळे. नाजियानं आपला टाचण्यांनी लावला. दुर्गाबाईनं मात्र लेकीच्या जर्सीला टाचणी लावू दिली नाही. टोचंल, म्हणाली. पिशवीतून सुई-दोरा काढला आणि चारी बाजूंनी आखूड आखूड टाके घालून पिवळा नंबर शिवून टाकला.

सकाळी पाणी थेट बंधाऱ्याला लागलं होतं. शाळेच्या मैदानावरून शेकडो सायकली सुटल्या. आधी थोरलीवाले, मग थोड्या वेळानं धाकटीवाले. त्या गर्दीत दोघी आयांनी एकेकदा हात हलवले, पण ते कुणाला दिसले असतील तर देव जाणे. मग त्या मैदानाच्या कडेला एका झाडाखाली सतरंजी टाकून बसल्या. समोर अख्खी खाडी. पलीकडच्या काठावरचा रस्ता, त्यावरचे मुंगीएवढे सायकलवाले. दुर्गाबाई म्हणाली, आक्की त्या रस्त्यानंच येईल परत. घरात आकांक्षाला आक्कीच म्हणत.

ऊन जरा तापलं तशी आयोजकांपैकी एक बाई मैदानात फिरत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. जालन्याच्या नाजियाच्या घरचं कोणी आहे का, असं विचारत होती. इजहार उठून गेला. ती त्याला थोडं बाजूला घेऊन काही सांगत होती. इमामबीला ऐकू आलं नाही. तिला फक्त दिसलं, की आपला धडधाकट पोरगा उभ्या जागी खाली बसला.

थोरल्या फेरीत, घाट उतरताना, एका वळणावर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक समोरून आला होता. मागून येणाऱ्या सायकलवाल्यांनी निळा नंबर वाचून कळवला. पोरीला ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं, पण तिथं नेऊन उपयोग नव्हता. बाईनं हे सगळं हळू आवाजात, अडखळत सांगितलं. दोनदा माफी मागितली, जणू तिचाच काही गुन्हा होता.

इमामबीच्या पुढ्यात डबा उघडा होता. तिनं झाकण उचलून लावलं. ते बसेना. तिनं ते फिरवून लावलं, परत काढलं, परत लावलं. समोरचं पाणी तसंच चमकत होतं, कुणीतरी माईकवर कुणाचं तरी नाव पुकारत होतं, आणि ती झाकण लावत होती. शेवटी दुर्गाबाईनं तिच्या हातातून डबा काढून घेतला.

"आपा, माझ्याकडं बघ," दुर्गाबाई म्हणाली. "हिकडं बघ. श्वास घे आधी."

इमामबीनं बघितलं, पण समोर बाई आहे एवढंच तिला कळलं. दुर्गाबाईनं तिचं डोकं आपल्या छातीशी ओढलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. काय काय बोलत होती ते इमामबीला नंतर कधी आठवलं नाही. पण तो हात आठवला. डोक्यावरून फिरणारा, जाडजूड, कामाचा हात. त्या हाताचाच तेवढा आधार होता, बाकी सगळं जग पायाखालून गेलं होतं.

इजहार नाजियाला फोन लावत होता. लागत नव्हता. दुर्गाबाईनं आकांक्षाला लावून बघितला, तोही लागेना. डोंगराच्या आडोशाला रेंज नसते, असं त्या बाईनं सांगितलं. तेव्हा दुर्गाबाईनं फोन पिशवीत टाकला आणि म्हणाली, "बरं झालं न्हाई लागला. आक्कीला रस्त्यात कळलं तर ती तिथंच पडंल. तिला कुणी सांगू नका. ती आल्यावर मी सांगीन."

रुग्णालयाला जायचा रस्ता धाकट्या फेरीचाच होता. आयोजक बाई इजहारच्या शेजारी बसली. मागं इमामबी, आणि तिला एका हातानं कवळून दुर्गाबाई. डाव्या हाताला पाणी, उजवीकडं नारळ-सुपारीच्या बागा. समोरून धाकटीवाले परतत होते, हसत-बोलत, कुणी गाणं म्हणत. दुर्गाबाई इमामबीला धरून काचेतून प्रत्येक जांभळ्या जर्सीकडं बघत होती. आक्की दिसली तर मला उतरव आणि तू पुढं हो, असं तिनं इजहारला सांगून ठेवलं होतं.

इजहारनं ब्रेक मारला तेव्हा दोघी पुढच्या सीटवर आदळल्या.

समोर नाजिया होती. सायकलवर. जीप ओळखून तिनं हात वर केला, स्कार्फ हनुवटीखाली ओढला आणि हसत हसत जवळ आली. इतक्या लवकर कुठं निघालात, असं तिनं विचारलं.

इमामबी जीपमधून उतरली की पडली ते तिचं तिलाच कळलं नाही. ती पोरीजवळ गेली, तिच्या तोंडाला हात लावला, मग थाडकन एक ठेवून दिली, आणि लगेच तिला अशी मिठी मारली की सायकल आडवी झाली. अल्हमदुलिल्लाह, अल्हमदुलिल्लाह. तोंडातून दुसरा शब्द निघत नव्हता. पोरीच्या मानेला घामाचा वास येत होता, जिवंत माणसाच्या घामाचा, आणि इमामबी तो हुंगत होती.

मागून दुर्गाबाई धावत आली. ती रडतही होती आणि हसतही होती. आयोजक बाईला म्हणत होती, तुमचं चुकलं बघा, नंबर वाचण्यात चुकलं. तिनं नाजियाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग तिला आपल्याकडं ओढून घेतलं आणि पोटच्या लेकीसारखी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

हात मध्येच थांबला.

इमामबी समोरच उभी होती, म्हणून तिला दुर्गाबाईचा चेहरा दिसला. आधी त्यावर काहीच नव्हतं. नुसती बोटं हलत होती, नाजियाच्या पाठीवरच्या कापडाच्या कडेनं, आखूड टाक्यांवरून, आंधळ्या माणसानं चाचपावं तशी. मग तिनं पोरीला हळूच वळवलं आणि पाठ बघितली. पिवळा नंबर.

"हा टाका तर माझा हाय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "नाजिया, आक्कीची जर्सी तुझ्या अंगात काऊन?"

नाजियाला अजून काहीच माहीत नव्हतं. चोरी पकडल्यासारखी ती ओशाळून हसली. "काकू, तिला रागावू नका. माझाच गुडघा दुखायला लागला, घाट चढवंना. मीच तिला म्हन्ले, तू थोरली कर, मी धाकटी करते. म्हणून जर्सी बदलल्या."

इजहारनं जीपच्या बॉनेटवर डोकं टेकलं होतं. आयोजक बाईनं तोंडावर हात ठेवला. नाजिया एकेकाकडं बघायला लागली, आणि तिचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, कारण ते काढून घ्यायला तिला उमजलं नाही.

इमामबीच्या तोंडात अजून तोच शब्द होता, अर्धा म्हटलेला. तिला तो पुढं म्हणता येईना, गिळता येईना. आत्ता, या घटकेलाही, तिच्या अंगात आनंद होता. तो तिनं दाबायला बघितला, पण दबत नव्हता. पोर समोर उभी होती, श्वास घेत होती, आणि शेजारी ती बाई उभी होती, जिनं अर्ध्या तासामागं तिला छातीशी धरलं होतं. इमामबीला स्वतःची अशी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

"ताई," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

दुर्गाबाईनं तो बघितला नाही. ती वळली, चालत जीपकडं गेली आणि मघाच्याच जागेवर जाऊन बसली. पदर सारखा केला.

"चल इजहार," ती म्हणाली. "जल्दी चल."

रुग्णालयात ती एकटीच आत गेली. कुणाला येऊ दिलं नाही. बाहेर आली तेव्हाही रडत नव्हती. आक्कीच्या एका पायात बूट नाही, तो कुठंय, एवढंच विचारत होती. डॉक्टरला विचारलं, पोलिसाला विचारलं, ट्रकवाल्याला धरून आणलं होतं त्यालाही जाऊन विचारलं. तो माणूस भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. ती बघत राहिली, जणू हा कशाला रडतोय ते तिला कळत नव्हतं. मग इजहार घाटात जाऊन बूट शोधून घेऊन आला. तो हातात आल्यावर दुर्गाबाई जी ओरडली, ते इमामबी मरेपर्यंत विसरणार नव्हती.

राजूरला सगळं गाव लोटलं होतं. भुजंगराव, आकांक्षाचे वडील, उभे होते पण त्यांना दोघांनी धरलं होतं. इमामबी आणि नाजिया बायकांच्या कडेला उभ्या राहिल्या. कुणी जा म्हणालं नाही, कुणी या म्हणालं नाही. नंबर बदलल्याची गोष्ट त्यांच्या आधीच गावात पोचली होती. आपल्याऐवजी दुसरीला पुढं केली, असं एक बाई शेजारणीला म्हणाली. मुद्दाम ऐकू जाईल असं नाही, पण ऐकू गेलं. नाजियानं मान वर केली नाही.

ती घरी आली ती बोलायचीच थांबली. कामावर जाईना. कंपनीतून दोन मैत्रिणी भेटायला आल्या, त्यांच्यासमोर भिंतीकडं बघत बसली. जालन्यातही कुजबुज सुरू झाली होती. दुसऱ्याच्या पोरीचा जीव घेऊन आपली वाचवली, असं कुणी इजहारला तोंडावर म्हणालं आणि तो हातघाईवर आला. इमामबीला रात्री झोप लागेना आणि दिवसा काम सुचेना.

अशाच एका दुपारी तिला वाटलं, पोरीच्या गुडघ्याचं आपण विचारलंच नाही. दवाखान्यात दाखवू या का, असं तिनं विचारलं.

नाजियानं आईकडं बघितलं. घरात त्यांचं बोलणं उर्दूत चालायचं, आणि त्याच घरातल्या बोलीत ती म्हणाली, "अम्मी, मेरे घुटने कू कुछ भी नहीं हुआ था."

मग तिनं सगळं सांगितलं. जर्सी बदलायचं आकांक्षानंच काढलं होतं. जालन्याहून निघतानाच तिच्या मनात होतं. डोंगरावरून समुद्र बघायचा, घाट चढून जायचा, एकदाच. आई सोडणार नाही आणि आईशी भांडायचं तिच्या जिवावर आलं होतं, कारण आई एवढ्या लांब हौसेनं आली होती. नाजियाला थोरलीच करायची होती, चार महिने तिनं तयारी केली होती. पण आकांक्षानं इतकी गळ घातली की तिला नाही म्हणवलं नाही. शाळेच्या मागच्या गल्लीत दोघींनी हसत हसत जर्सी बदलल्या. आणि रस्त्यात दुर्गाकाकूंनी विचारलं, तेव्हा मैत्रिणीला बोलणी बसू नयेत म्हणून नाजियाच्या तोंडात पहिलं जे आलं ते ती बोलून गेली. तेव्हा ते एवढंसंच खोटं होतं.

इमामबी खाली बसली. त्या दिवसानंतर आपल्याला आणखी कशाचा धक्का बसेल असं तिला वाटलं नव्हतं. मग राग आला. इतके दिवस गप्प का राहिलीस, सगळं राजूर तुला खुनी ठरवतंय, उद्या तुझं लग्न, तुझं आयुष्य, असं ती बोलत सुटली.

"कुणाला सांगू?" नाजिया म्हणाली. "काकूंना? असं सांगू, की काकू, तुमच्या भीतीनं ती खोटं बोलून गेली?"

पण इमामबीनं ठरवलं, राजूरला जायचं आणि खरं सांगायचं. दुर्गाबाई समजूतदार बाई आहे. आपल्या पोरीच्या कपाळी हा डाग कशाला? इजहारही म्हणाला, जा, बिलकुल सांग. नाजिया परत भिंतीकडं वळली.

काळी-पिवळी जीपमधून ती राजूरला उतरली. देवळाकडच्या रस्त्याला नारळ-फुलांच्या दुकानांत गर्दी होती. त्यातून वाट काढत ती घरापाशी गेली. ओसरीवर भुजंगराव बसले होते. तिला बघून ते उठले, या म्हणाले आणि आत आवाज दिला. त्या माणसानं तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

दुर्गाबाई निम्मी झाली होती. तिनं इमामबीला जवळ बसवलं. चहा आला. कुणी घेतला नाही. रस्त्यात इमामबीनं शब्द जुळवून ठेवले होते, आता त्यातला पहिला कुठला तेच आठवेना. तेवढ्यात दुर्गाबाईच बोलायला लागली.

"लोक काय बोलून राह्यले ते माझ्या कानावर आलंय, आपा. तू मनाला लावून घेऊ नको. मला बोलायची ताकद आली की मी बोलीन एकेकाला." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मला रोज सकाळी उठवत न्हाई. मंग मी एकच गोष्ट मनाला सांगते. मी म्हन्ले धाकटी, तर माझी आक्की धाकटीलाच निघाल्ती. माझा शब्द तिनं मोडला न्हाई. मैत्रिणीचा गुडघा दुखला म्हणून गेली. दुसऱ्याच्या मदतीला गेली. येवढ्यावर मी उभी हाय बघ. हे न्हवतं तर मी कवाच विहीर जवळ केली असती."

इमामबीनं तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. तिच्या डोळ्यांपुढं नाजियाचा चेहरा आला, भिंतीकडं बघणारा. माझी पोर, तिच्या मनात आलं, माझ्या पोरीचं काय? ते शब्द अगदी ओठांवर आले. समोरची बाई तिच्याकडं बघत होती, काही मागत नव्हती, नुसतीच बघत होती. तिचा हात इमामबीच्या गुडघ्यावर होता. तोच हात.

"बराबर हाय ताई," इमामबी म्हणाली. "लई गुणाची व्हती."

दुर्गाबाईनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "पोरीचा गुडघा कसाय आता?"

"हाय अजून जरा," इमामबी म्हणाली.

घरी आल्यावर तिनं नाजियाला समोर बसवून सांगितलं, की नाही बोलले, आणि का नाही बोलले. हेही सांगितलं की मी तुझं नुकसान करून आले. नाजियानं ऐकून घेतलं. मग कितीतरी दिवसांनी ती उठली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. पुढच्या सोमवारी कामावर गेली. शेजारच्या टेबलावर नवीन मुलगी बसली होती.

दुर्गाबाईनं शब्द पाळला. राजूरात ज्यानं त्यानं तिच्याकडून ऐकून घेतलं, आणि बोलणाऱ्यांची तोंडं हळूहळू बंद झाली. सगळ्यांची नाही. नाजियाचं एक ठरत आलेलं स्थळ त्या उन्हाळ्यात मोडलं, आणि कारण कुणी सांगितलं नाही. इमामबीनंही विचारलं नाही.

एक दिवस राजूरचा ओळखीचा माणूस दारात येऊन बाटली देऊन गेला. दुर्गाबाईनं घरी काढलेलं करडईचं तेल होतं, ओवा आणि लसूण घालून कढवलेलं, नाजियाच्या गुडघ्यासाठी. सायकल कायमची सोडलेल्या त्या पोरीनं बाटलीचं बूच उघडलं, सलवार वर केली आणि चांगल्या धडधाकट गुडघ्याला ते तेल लावायला बसली. इमामबी चुलीपाशी उभी होती. तेल गरम करून लाव, असं ती म्हणाली, आणि वाटी घेऊन पुढं झाली.